पाठ सोडून

"कानामागे राहिलंय," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "ते निघाल्याशिवाय पोरीला हात लावू देऊ नकोस त्याला."

तो चुलीपुढच्या पत्र्याच्या टबात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तिने कानामागे साबण चोळला. पाणी केव्हाच काळं झालं होतं. मान झाली, दंड झाले, छाती झाली. पाठीवरून तिने नेहमीसारखा नुसता कोरडा फडका फिरवला.

खाणवाल्याची पाठ धुवायची नसते. पाण्याने कणा कच्चा होतो, आणि कच्च्या कण्याच्या माणसाला वाकून कोळसा फोडता येत नाही. दरीतल्या घराघरांत हे चालत आलेलं. लग्न होऊन आली तेव्हा ऐकून ती हसली होती. सासूबाई हसल्या नव्हत्या. सासऱ्यांची पाठ त्यांनी एकदाच धुतली होती. चौघांनी त्यांना खाणीतून उचलून घरी आणलं, त्या दिवशी.

आता त्या मांडीवरच्या नातीचं झबलं बदलत होत्या. तिच्या इवल्याशा पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, शेंगदाण्याएवढा तांबूस डाग होता.

"हा डाग बापाचाच," त्या रोजच्याप्रमाणे म्हणाल्या.

"तुम्ही म्हणता म्हणून," तिनेही रोजचंच उत्तर दिलं. "मला तर ह्यांच्या पाठीवर काळ्याशिवाय काही दिसलेलं नाही."

एरवी यावर तो हसायचा. आज हसला नाही.

आज त्याला मुकादमाला काय ते सांगायचं होतं. जुना बोगदा संपला होता. एक तर नव्या, आणखी खोल बोगद्यात उतरायचं, नाहीतर वर राहून खाणीच्या मातीच्या ढिगांवर झाडं लावायची. वरच्या कामाला पगार कमी. शिवाय सोबत्यांची थट्टा, "काय रे, फुलांना पाणी घालणार का आता?" त्याचे आजोबा खाली गेले, वडील खाली गेले. या घरातलं कुणी वर राहिलेलं नव्हतं. तिने आपलं म्हणणं एकदाच सांगितलं होतं, "मला म्हातारी होऊन तुमच्याशी भांडायचंय." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

तिने टॉवेल पुढे केला. त्याने घेतला नाही.

"काय सांगितलंत मुकादमाला?" शेवटी तिच्याच्याने राहवलं नाही.

तो टबातल्या टबात वळला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

"पाठ घास," म्हणाला.

"अहो, कणा कच्चा होईल."

"रोपं लावण्यापुरता पुरेल."

खाट करकरली. सासूबाई उठल्या. नातीला तिच्या आईकडे दिलं, बाह्या वर सारल्या आणि टबाशी येऊन बसल्या. तान्ह्या बाळाचं पाणी बघावं तसं त्यांनी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं.

"गार झालंय. ते तपेलं सरकव इकडे."

पहिलं पाणी काळंच उतरलं. दुसरंही. त्या घाई न करता चोळत राहिल्या. मग साबणाच्या फेसातून, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, शेंगदाण्याएवढा तांबूस डाग वर आला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "रोज सांगत होते की नाही?"