आधी फाटके दाखवा

कारखान्यातली तक्रारपेटी दर महिन्याला मी उघडते. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या स्टोअर सांभाळणाऱ्या काकांविरुद्ध असायच्या. नवे हातमोजे मागणाऱ्याला ते आधी जुने फाटके दाखवायला लावायचे, वर चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचे. पेटी उघडली की स्वतःच येऊन विचारायचे, “माझ्या किती?” मी “अकरा” म्हटलं की स्वारी खूश. या माणसाला शिव्या खायला आवडतं की काय, असा माझा जुना संशय.

शेवटी साहेबांनी त्यांना समज दिली. मग महिनाभर काका सगळ्यांशी गोड बोलले, फाटके न बघताच हातमोजे देत राहिले.

काल पेटीत त्यांच्याबद्दल एकच चिठ्ठी निघाली. “काका हल्ली ओरडत नाहीत. चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. त्यांना पहिल्यासारखं राहू द्या.”

“बघा!” काका चष्मा पुसत म्हणाले. “लोकांना मी तसाच हवाय. साहेबांना दाखवा ही.”

मी मान डोलावली. चिठ्ठीखाली सही नव्हती. पण तेच तिरपं अक्षर स्टोअरमधल्या हातमोज्यांच्या प्रत्येक खोक्यावर आहे.