चिंचेनं घासलेली शिवराई

मी थापाडी म्हणून पोरं माज्यापाशी बसत्यात. पन हे सांगताना माजं मलाच हसू येत न्हाई.

नात ज्योत्स्ना जुनी नाणी जमवती. त्यांचं फोटू काढाय तिनं कॉम्प्युटरला लावायचं दोन स्वस्तातलं मायक्रोस्कोप मागवलंतं. एक ठेवायचा, एक परत करायचा. सून कामाला जाताना सांगून गेलती, "आत्या, पोरीकडं ध्यान ठेवा." दुपारी तळेगावच्या फ्लॅटमदी आमी दोघीच.

मी माजी तांब्याची शिवराई दिली. लक्ष्मीपूजनाला घासतो तशी चिंचेनं घासून.

"आजी! जुनं नाणं कुणी घासतं का? आता आरशासारखं सगळं उमटणार त्यात."

"मंग बघ की तुजं तोंड," मी म्हनलं.

तिनं पयला मायक्रोस्कोप लावला. पडद्यावर नाण्याची चकाकी आली आन् चकाकीत वाकलेली डोकी. तीन.

मी मागं बघितलं. नुसती भिंत व्हती.

"स्वस्तातला आहे, एकाचे दोन दाखवतो," ज्योत्स्ना म्हनली. पन तिनं माजा हात घट्ट धरला.

मंग दुसरा लावला. पडदा लख्ख. डोकी दोनच.

"हा चांगला. हाच ठेवू ना, आजी?"

मी चष्मा चढवला. एक तोंड माजं. दुसरं ज्योत्स्नाचं नव्हतं.

माजी मान वळंना. पडद्याकडंच बघत इचारलं, "ज्योत्स्ना, कुटं हाईस गं?" आन् हळूच हात सोडवाय लागले.

पडद्यातलं ते तोंड माज्या कानाशी वाकलं आन् ज्योत्स्नाच्याच आवाजात बोललं, "इथंच आहे की, आजी. हात का सोडवतेस?"