दोन बोटं आखूड

“तुम्हाला नाही कळायचं, बाबा. हे टक्क्यांचं आहे.”

भिंगरीनं वही छातीशी धरली. शिंप्यानं कात्री खाली ठेवली आणि चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या आईची सुई मध्येच थबकली, मग पुन्हा चालू लागली.

“हे वाक्य कुठंतरी ऐकलंय,” शिंपी म्हणाला. “बरं, गणित तर वाचा, बाईसाहेब.”

भिंगरीनं ठसक्यात वाचलं. एक कापड धुतल्यावर वीस टक्के आटतं. आटल्यावर ते चार मीटर भरायला हवं. तर आधी किती घ्यावं? “सोप्पं आहे. चारचे वीस टक्के म्हणजे शून्य पॉइंट आठ. ते चारात मिळवायचे. उत्तर चार पॉइंट आठ.”

“पाच,” शिंपी म्हणाला.

“कसं?”

“पाचवा हिस्सा आटतो, तर चौथा हिस्सा वाढवून घ्यायचा. शंभराला सव्वाशे. हाताला ठाऊक आहे.”

“परीक्षेत हात नाही तपासत, रीत तपासतात. आणि बाबा, ज्यांच्या घरचा पडदा आखूड, त्यांनी दुसऱ्याला माप शिकवावं का?”

हा टोमणा तिचा नव्हता, साऱ्या गल्लीचा होता. कपडे शिवायला टाकायला येणारा प्रत्येक जण समोरच्या खिडकीकडे बघे आणि हसे. शिंप्याच्या घरचा पडदा, आणि खाली दोन बोटं फट! शिंपीही हसे. “हात थरथरला हो त्या दिवशी,” म्हणे. आईनं दोनदा नवा पडदा शिवायला काढला, दोन्ही वेळा त्यानं कापड लपवून ठेवलं. “असू दे गं. वारा येतो.”

आज मात्र भिंगरीला हसू येत नव्हतं. उद्या पेपर होता. मागच्या वेळी तिला पंचवीसपैकी आठ मिळाले होते. “म्हणजे बत्तीस टक्के,” तिनं घरात पाऊल टाकताच सांगितलं होतं. “एवढं बरं पटकन येतं!” आई म्हणाली होती. उद्याही नापास झाली, तर सोमवारपासून गणिताचा जादा तास. तो नेमका गाण्याच्या तासाला. समूहगानात पहिली ओळ भिंगरी एकटीनं उचलायची. ती दुसऱ्या कुणी उचललेली तिला ऐकवली नसती.

“आई, तू दहावी झालीस ना? तू सांग. चार पॉइंट आठ की पाच?”

“मला नको विचारू. काज चुकेल माझं.” आईनं मान वर केली नाही.

शिंपी उठला. चिंध्यांच्या खोक्यात तळापर्यंत हात घालून त्यानं एक जाडाभरडा तुकडा काढला. “हे आपल्या पडद्याचंच उरलेलं. पाणी लागलं की शंभराला वीस आटतं. समज, आपल्याला शेवटी दहा सेंटीमीटरची पट्टी हवी. तुझ्या रीतीनं किती कापू?”

“बारा.”

“माझ्या हातानं साडेबारा.”

त्यानं दोन पट्ट्या कापल्या, कढत पाण्यात बुडवल्या, पिळल्या आणि इस्त्रीखाली वाळवल्या. इस्त्री चरचरली, वाफ निघाली. भिंगरीनं टेप लावला. बाबांची पट्टी बरोबर दहा. तिची नऊ पॉइंट सहा.

तिनं पुन्हा मोजलं. टेप ओढून धरला. पट्टीही ओढून पाहिली.

“ओढून गणित सुटत नाही, बाईसाहेब.”

भिंगरीनं टेप सोडला. मग तिचे ओठ हलू लागले. “वीस टक्के दहाचे नाही जात... बाराचे जातात. जे कापलं, त्याचे! म्हणजे उरतात ते ऐंशी टक्के. चार मीटर म्हणजे ऐंशी टक्के. दहा टक्के म्हणजे अर्धा मीटर. शंभर टक्के म्हणजे... पाच!”

“हात काय म्हणत होता?”

दोन पट्ट्या तिनं शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, आणि आखूड पट्टीखालची फट बघता बघता तिची नजर वर खिडकीकडे गेली. पुढच्या क्षणी ती टेप घेऊन स्टुलावर चढली होती.

“दांडीपासून चौकटीपर्यंत शंभर. पडदा शहाण्णव.” ती मोठ्यानं बोलू लागली. “शहाण्णव म्हणजे ऐंशी टक्के. दहा टक्के म्हणजे बारा. म्हणजे कापताना होता एकशेवीस!” ती स्टुलावरच गर्रकन वळली. “बाबा! शंभर हवा होता म्हणून तुम्ही वरती वीस घेतलेत! हात थरथरला म्हणे! माझीच चूक केलीत, आणि मलाच शिकवताय?”

शिंप्यानं दोन्ही हात वर केले. “सापडलो. बारा वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. उद्याचा पेपर सुटला म्हण तुझा.”

आईनं दातानं दोरा तोडला. काज पुरं झालं होतं, तरी ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

“तो पडदा ह्यांनी नाही कापला,” ती म्हणाली. “लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा. हे म्हणत होते, सव्वाशे घे. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. हे टक्क्यांचं आहे.”