दीड पुरुष पाणी

"साहेब, पूर तुम्ही खाली उतरवलात! दीड पुरुष पाणी थेट कमरेवर आणलंत! नदीला जे जमलं नाही ते तुमच्या ऑफिसने एका दुपारात करून दाखवलं!"

बेकरीवाली गर्दी रेटत पुढे आली तशी फितीवरची कात्री तिथेच थांबली. धक्क्यावरच्या जुन्या जकातघराला नवा रंग फासला होता. उद्यापासून तळमजल्यावर बालवाडी भरणार होती. आत बुटकी बाकं मांडून तयार.

दाराशेजारी, कमरेच्या उंचीवर, पुराचा दगड बसवला होता. गावाची रीत अशी की पूर ओसरला की घरातला चिखल उपसायच्या आधी सगळ्यांनी इथे जमायचं आणि भिंतीवर पाण्याचा ओला डाग जिथवर असेल तिथे दगडावर रेघ कोरायची. शेवटची रेघ दाराच्या चौकटीच्याही वर होती. साहेबांच्या ऑफिसातल्या सुशोभीकरणवाल्यांनी तो दगड उपटून खाली लावला. का, तर वर असला की फोटोत येत नाही! मग त्याच ऑफिसातल्या दुसऱ्या टेबलाने खालची रेघ पाहिली आणि तळमजला सुरक्षित ठरवून टाकला.

"मावशी, समारंभ होऊ द्या. मग बोलू," साहेब गोड आवाजात म्हणाले.

"मग म्हणजे कधी? पाणी आत शिरल्यावर?"

कंत्राटदार फिसकन हसला. "कमरेएवढ्या पाण्यात कोण बुडतं हो मावशी?"

त्या शेवटच्या पुरात सगळे माडीवर पळाले होते, तेव्हा तिची धाकटी बहीण खाली याच खोलीत अडकून राहिली होती. बेकरीवालीचा हात कंत्राटदाराच्या थोबाडाकडे निघाला. तो तिने कसाबसा आवरला आणि रंगाऱ्याची शिडी ओढून भिंतीला लावली. गुडघे कुरकुरत होते, तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू होता. चौकटीच्या वर, दगड काढलेल्या जागी, लिंपलेला चौकोन अजून ओलसर होता. तिने त्यावर थाड्कन पंजा मारला.

"इथवर होतं पाणी! धाकटीला आम्ही छताशी तरंगताना पाहिलंय. तुझ्या कमरेशी नाही, मेल्या!"

कंत्राटदार चपलांकडे बघू लागला. बंदोबस्ताचा पोलीस शिडीपाशी आला. तो इथलाच. त्याने शिडी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि तिला उतर म्हणून काही सांगितलं नाही.

"उतरा मावशी, पडाल," साहेबच म्हणाले. "आम्ही रीतसर चौकशी करू."

"चौकशी घाला चुलीत. एवढंच सांगा, तुमची नात कुठल्या बालवाडीत जाते?"

साहेबांनी कात्री मागच्या माणसाच्या हातात दिली.

"ऐकू आलं नाही, साहेब. कुठल्या?"