विहीणबाईंचा भाडेकरार

“वृंदाताई, लग्नानंतर पोरगा-सून इथंच राहतील. येत्या रविवारपर्यंत घर रिकामं करा,” घरमालक खासनीसकाकांनी दारातूनच सांगितलं.

वृंदाचं डोकं फिरलं. भाडेकरार मेअखेरपर्यंत होता. आणि सून म्हणून आपली सख्खी भाची त्यांना तिनंच सुचवली होती! कुठून ही दुर्बुद्धी झाली?

“काका, करार झालाय आपला.”

“घरच्या माणसांत कसला करार? आता तुम्ही आमच्या विहीणबाई!”

“विहिणीला कुणी असं रस्त्यावर काढतं का?” कपाळावर हात मारून तिनं भाचीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं.

मग भाची होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली, “मेअखेर ना, बाबा? मग भटजींना जूनचाच मुहूर्त काढायला सांगा.”