रिकामा खिळा

“परस्परांचा आदर हाच भागीदारीचा पाया असतो,” नेव्हिलने छातीवर हात ठेवून जाहीर केलं. सभाघरात बूट चालत नसल्यामुळे तो मोज्यांवर उभा होता, आणि डाव्या मोज्याच्या भोकातून त्याचा अंगठाही हे ऐकत होता.

बाकी तयारीत खोट नव्हती. लाकूड कंपनीने आपल्या माणसांना माओरी रीतिरिवाजांच्या शिबिराला पाठवलं होतं. नेव्हिल टेबलावर बसला नाही. अभिवादनाला नाकाला नाक लावताना टक्कर झाली नाही. इथल्या नदीचं आणि डोंगराचं नाव त्याने बरोबर घेतलं. बोलताना त्याची मान उजवीकडे कललेली असे, जणू खांद्यावर बसून कुणीतरी कुजबुजतंय. या जंगलाशी आपलं जुनं नातं आहे, असंही तो म्हणाला. कंपनीची माणसं प्रत्येक जंगलाबद्दल असंच म्हणतात, म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही.

बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढे बसलेल्या मेरेआनाचं लक्ष समोरच्या भिंतीवर होतं. तिथे गेलेल्यांचे फोटो होते. फक्त गेलेल्यांचे. एखाद्या फोटोत चुकून जिवंत माणूस असला, तर तो जाईपर्यंत फोटो कपाटात थांबे. तिचा एक चुलत दीर इतका जगला, की त्याच्यापायी अख्खा रग्बी संघ कपाटात अडकून पडला होता.

सासूच्या फोटोशेजारी एक खिळा रिकामा होता. तो हाकोपाचा. मेरेआनाच्या नवऱ्याला कॅमेऱ्याचा कंटाळा होता, आणि लग्नाचा एकमेव फोटो घराबरोबर जळाला. पाइनचं झाड अंगावर कोसळून हाकोपा गेला तेव्हा कंपनीने डब्यातल्या पीचचं एक खोकं पाठवलं होतं. दर शनिवारी ती सगळ्या फोटोंवरची धूळ पुसायची, आणि मग तो खिळाही. अलीकडे तिला हाकोपाचं हसू आठवायचं, पण ओठ आठवायचे नाहीत.

“आणि आता एक छोटीशी भेट,” नेव्हिल म्हणाला, आणि चौकटीवरचं कापड त्याने ओढलं.

पाइनच्या ओंडक्यांसमोर उभे सहा पुरुष. मधला हसत होता.

मेरेआना उठली. गुडघे दुखतात हे ती विसरली. वर जरासा वळलेला ओठ, खालचा जाड. असे होते तर.

“कंपनीच्या तळघरात सापडला,” नेव्हिल म्हणाला. “तुमच्या भिंतीवर लागला तर आम्हाला फार—”

“थांब जरा, बाबा,” एरुएरा म्हणाला. मराएवरचा, म्हणजे सभाघराच्या या आवारातला, तो सगळ्यात वडीलधारा. काठी टेकत तो चौकटीपाशी आला, आणि पुढचं त्याने माओरीत विचारलं. “मेरे, आपले पाचही गेलेत ना?”

“पाचही, दादा. मागच्या थंडीत पीताही गेला.”

“आणि हा कडेचा? मोजपट्टीवाला?”

कडेचा विशीतला गोरा होता. टोपीच्या सावलीने तोंड झाकलेलं. कसा उभा होता, तेवढं दिसत होतं. मेरेआनाने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हा तर केव्हाच गेला,” ती म्हणाली. “असली पोरं आता कुठे राहिलीत?”

“नक्की? नाहीतर कडेचा कापून टाकू.”

“हाकोपाचा हात त्याच्या खांद्यावर आहे, दादा. तो हात कापू?”

एरुएराने मान खाली घातली. गेलेल्या माणसाचा हात कोण कापणार?

“या फोटोची एक गंमत सांगायची राहिली,” नेव्हिल पुढे सरसावला. “त्या उन्हाळ्यात मी—”

मेरेआनाने गाणं सुरू केलं. बोलणारा लांबला की बायकांनी गाणं उचलायचं आणि त्याने गप्प बसायचं, हा इथल्या बायकांचा हक्क आहे. रांगेने तिचा सूर उचलला. शिबिरात हे शिकवलेलं असल्यामुळे नेव्हिल आदराने थांबला.

गाणं संपलं. “सुंदर!” तो म्हणाला. “तर तो जो कडेला—”

मेरेआनाने दुसरं सुरू केलं. त्याला सात कडवी होती.

“आत्ये,” तिचा भाचा रावीरी कानाशी लागला. कंपनीबरोबरच्या भागीदारीच्या करारावर सह्या त्याला करायच्या होत्या. “पाहुण्याला बोलू तरी दे!”

“बोलला की. पुष्कळ बोलला. हातोडी आण.”

फोटो खिळ्यावर चढला. एरुएराने एकेकाकडे काठी रोखून निरोप दिला. “जा, हाकोपा. जा, पीता. आणि तू परक्या पोरा, तूही जा, आमच्या माणसांच्या सोबतीने जा. मागे वळून पाहू नकोस.” बायकांनी हंबरडा फोडला. नेव्हिलला शब्द कळले नाहीत, पण त्याचेही डोळे वाहत होते, आणि ते खोटं नव्हतं. एरुएरा तर नंतर म्हणाला, इतक्या मनापासून रडणारा गोरा आपण पाहिला नाही.

सह्या झाल्या. कराराप्रमाणे, कंपनीच्या पाइनमध्ये अडकलेल्या पूर्वजांच्या कबरींच्या फाटकाची किल्ली रावीरीच्या हातात पडली. मग सगळे जेवणघराकडे पांगले.

मेरेआना मागे राहिली. तिने हाकोपाच्या ओठांवर बोट ठेवलं. काच गार होती.

“घ्या, मिळाली भिंत,” ती त्याला म्हणाली. “पस्तीस वर्षं कपाटही नव्हतं तुम्हाला. मी आणखी थांबले असते, तर आपण दोघं एकदमच चढलो असतो भिंतीवर. मग मी तुम्हाला पाहिलं कधी असतं?”

रावीरी दाराशी आला. “चल ना, आत्ये. हांगीचा खड्डा उघडलाय. मटण संपेल.”

“संपू दे. पाहुणा जेवला का?”

“जेवतोय की!”

“पोटभर वाढा त्याला,” ती म्हणाली आणि बोट सावकाश कडेच्या माणसाच्या टोपीवरून फिरवलं.

हाकोपाच्या हाताखालचा तो मोजपट्टीवाला पोरगा तेव्हा जेवणघरात, मान उजवीकडे कलती ठेवून, तिसऱ्यांदा पुडिंग वाढून घेत होता.