पिवळ्या भीमाचा शेवटचा भाग

पिवळा भीमा या खेळण्यातल्या क्रेनचं शेवटचं खोकं रॅकवरून उतरवताना दुकानातला सेल्समन शिव्या घालत होता. खेळण्यांच्या कंपनीचं पत्रकच तसं होतं. आज संध्याकाळच्या कार्टूनमध्ये भीमा क्रेन मरेल, तेव्हा दुपारपर्यंत त्याची खोकी हटवून तिथे नवी क्रेन, लाल तुफान, लावावी. खाली आणखी एक ओळ होती: भाग रडवणारा आहे, मागणी वाढेल.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं त्याने पाहिली होती. ही तर लोण्यासाठी आधी मारत होती. हे कार्टून नव्हे, वीस मिनिटांची जाहिरात आहे, असं तो मॅनेजरला म्हणालाही. मॅनेजर म्हणाला, तुझी चूल त्याच जाहिरातीवर पेटते, खोकी सरळ लाव.

घरी आला, तर सहा वर्षांची लेक टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली. शेजारी तिची आत्या. बायकोला जाऊन तीन महिने झाले होते. लेकीला सांगितलं होतं, आई लांबच्या हॉस्पिटलात आहे, बरी झाली की येईल. बहीण रोज म्हणायची, दादा, आता सांगून टाक. तो म्हणायचा, उद्या. उद्या काही उजाडत नव्हता.

बंद कर ते, तो बहिणीला म्हणाला, पोरांना रडवून खेळणी खपवायचे धंदे. लेकीने मागे न बघताच हात वर केला. गप्प राहा, असा.

पडद्यावर भीमा चिखलात आडवा पडला होता. बाकीची यंत्रं भोवती उभी होती. छोट्या ट्रकने विचारलं, भीमा कधी उठणार? म्हाताऱ्या बुलडोझरने इंजिन बंद केलं आणि तो म्हणाला, उठणार नाही. ट्रक भीमाला टेकून उभा राहिला, बराच वेळ. तेवढ्या वेळात लाल तुफान दोनदा दाखवता आलं असतं. कार्टून बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी ते दाखवू दिलं नव्हतं. सेल्समनची शिवी तोंडातच राहिली.

लगेच जाहिरात लागली. लाल तुफान, आजच घरी आणा. त्याने तोंड फिरवलं. आता हट्ट सुरू होणार, हे ठरलेलंच.

लेकीने टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"बाबा, बुलडोझरने ट्रकला लगेच सांगितलं," ती म्हणाली. "तू मला कधी सांगणार आहेस?"